रिहामसाठी नाचाचा पोशाख

मंगळवार, ३ मार्च

मणी आणले. बारीक सोनेरी, आणि झालरीसाठी नळीसारखे लांबट, डाळिंबी रंगाचे. दुकानदाराने विचारलं, "लग्नघर वाटतं?" मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढचा प्रश्न गिळून टाकला. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा निकाल लोक तोंडाकडे बघूनच लावतात.

नवरी मी नाही, रिहाम आहे. माझ्या भावाची, फिक्रीची, एकुलती एक. वरच्या मजल्यावर ते तिघं, खाली आई आणि मी. लग्न मे महिन्यात. काल वर रुखवताची उजळणी चालली होती. फ्रिज, गालिचे, टॉवेलांचे डोंगर, काचेच्या कपाटात मांडायची क्रिस्टलची भांडी. राहिला होता फक्त नाचाचा पोशाख. तो नसला तर रुखवत बघायला आलेल्या बायका महिनाभर चघळत बसतात, की पोरीला नवऱ्यासमोर बंद दाराआड नाचायला म्हणून काही दिलंच नाही. एतेदालवहिनी म्हणाली, बाजारातून आणू. मी पटकन बोलून गेले, "बाजारचे टोचतात. दोनदा घातले की मणी गळतात. मी शिवते."

मग वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्हाला कशाला उगाच ताप? दिवसभर ऑफिस, शिवाय सासूबाईंचं करायचं."

"ताप कसला? एकुलती एक भाची."

"बरं, पण आधी माशाल्लाह म्हणा. पोरीच्या वस्तूंकडे बघताना म्हणत जा हो."

मी दोनदा म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं. रिहाम मात्र उठून गळ्यातच पडली. "आत्या, तू शिवशील तोच घालणार मी. मेंदीच्या रात्री पण तोच. आणि तू माझ्यासमोर नाचायचं. नाटकं करायची नाहीत."

मला एवढंच हवं आहे. दर मंगळवारी माझी मैत्रीण कवसर, तिच्या पार्लरचं शटर ओढून आम्ही पाच-सहा बायका आत नाचतो, कमरेला ओढणी बांधून. त्यांच्यात मी सगळ्यांत बरी नाचते, हे मीच लिहून ठेवते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. टेलिफोन केंद्रातल्या माझ्या खिडकीपलीकडच्या लोकांना वाटतं, मला कमरेखाली काही नाहीच. त्या एका रात्री घरच्या बायकांनी मला नाचताना बघावं, आणि रिहामच्या अंगावर माझ्या हातचं काम असावं. यापुढे आयुष्यात काही चांगलं घडेल अशी माझी समजूत नाही. त्याबद्दल तक्रारही नाही.

मंगळवार, १० मार्च

चोळीचा सांगाडा झाला. तयार ब्रा घेऊन तिचे इलॅस्टिकचे पट्टे कापून टाकले आणि जाड फितीचे लावले. इलॅस्टिक मण्यांच्या वजनाने ताणत जातं आणि ऐन रंगात आल्यावर सगळा कारभार पोटावर उतरतो. कवसरचं तिच्या नणंदेच्या लग्नात तसं झालं होतं. ती तशीच नाचत राहिली. म्हणते, "बायकांतच होते ना? ज्यांच्याकडे नाही त्यांनी डोळे मिटायचे."

कमरपट्ट्यासाठी दुहेरी कॅनव्हास कापला. तो सरळ कापायचा नसतो, कमानीसारखा कापायचा. कंबर काही फूटपट्टी नाही. रिहाम माप द्यायला येणार होती, आली नाही. शेवटी माझ्याच कमरेवर बसवला. आमची दोघींची कंबर सारखीच आहे, आमच्या घराण्याची. वहिनीच्या माहेरी कुणाला कंबरच नाही.

कवसर हातात ड्रायर घेऊन बघत उभी होती. "इन्शिराह, हा पोशाख तुला जाम शोभतोय गं."

"रिहामचा आहे."

"मी कुठे म्हटलं नाही म्हणून?"

बुधवार, १८ मार्च

रिहाम आजही आली नाही. तिच्याऐवजी वहिनीने तिचा एक जुना झगा वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्यातून खाली सोडला. "त्यावरून माप घ्या वन्सं, पोरीला बसायला फुरसत नाही." नवरी मुलीला कुठली फुरसत? मीच वर गेले. वहिनीने दार हातभर उघडलं. रुखवताच्या खोलीला कुलूप होतं. "धूळ जाते आत," म्हणाली. बरोबर आहे, आमच्या गल्लीत धूळ फारच.

खाली उतरताना मागून धुपाचा वास आला. वहिनीला हल्ली धुपाचं वेड लागलंय, मी गेले की लगेच पेटवते. भिंतींना ओल आहे, त्याचा वास जायला असेल. पायऱ्यांवर मीठही सांडलं होतं. पिशवी फुटली असणार. मी झाडून काढलं. एवढ्या गडबडीत त्या बाईने तरी कुठे कुठे बघायचं?

बुधवार, १ एप्रिल

वाईट दिवस. क्रिस्टलची भांडी वर नेताना हमालाचा पाय घसरला. खोकं जिन्यावरून थेट खाली. मी दाराचा पल्ला धरून उभी होते. नुकतीच म्हणाले होते, "किती सुरेख पेले, उजेडात कसे चमकतायत!" आणि ते गडगडत खाली.

वहिनी हमालावर ओरडायच्या ऐवजी माझ्याकडे बघत राहिली. धक्क्याने माणसाला सुचत नाही. मी काचा वेचल्या. एक बोटात घुसली, म्हणून आज सुईला सुट्टी. काच फुटली की संकट टळतं असं आई म्हणते. तिला मोतीबिंदूमुळे काही दिसत नाही, पण सगळं ऐकू येतं.

शुक्रवार, ३ एप्रिल

वरच्यांचं मन हलकं व्हावं म्हणून काल द्राक्षाच्या पानांतला भात केला. पानं एकसारखी वळली होती, करंगळीएवढी. आज पातेलं परत आलं, घासलेलं आणि रिकामं. आमच्यात भांडं रिकामं पाठवत नाहीत, निदान मूठभर साखर तरी घालतात. पण लग्नघरात रीतीभाती लक्षात राहत नाहीत.

संध्याकाळी कोपऱ्यावर मांजरांसमोर कुणीतरी तसाच भात टाकलेला दिसला, तशाच करंगळीएवढ्या वळकट्या. अन्नाची किंमत नाही लोकांना.

रविवार, १२ एप्रिल

झालर पुरी झाली. प्रत्येक सर वेगळी ओवायची आणि वेगळी गाठ मारायची, म्हणजे एक तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात. दोरा मेणातून ओढून घेतला. बाजारवाले सगळ्या सरी एकाच दोऱ्यात ओवतात, म्हणून त्यांच्या नवऱ्या लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात पलंगाखाली मणी शोधत असतात.

दुपारी आई झोपल्यावर सगळा पोशाख अंगावर चढवला. चोळी, पट्टा, डाळिंबी शिफॉनचा घेर. झालर हलते कशी हे घातल्याशिवाय कळत नाही, हे कारण खरं आहे. पण कारण संपल्यावरही मी उतरवला नाही. पडदे लावून, गाण्याशिवाय, मनातल्या मनात ताल धरून नाचले. आरशात जी बाई होती तिला मी ओळखत नव्हते. क्षणभर वाटलं, हा माझाच. माझं लग्न आहे आणि दाराबाहेर कुणीतरी वाट बघतंय. मला फार फार आनंद झाला. मग जमिनीवर बसून रडले. पण चोळीवर डाग पडू दिला नाही.

आईने आतून विचारलं, "काय वाजतंय गं? पाऊस?"

"मणी आहेत, आई."

"कुणाच्या अंगावर?"

"टेबलावर."

टेबलावरचे मणी असे वाजत नाहीत हे तिलाही कळतं. खोटं बोलायची गरज नव्हती, तरी बोलले.

सोमवार, २० एप्रिल

वसंताचा सण. वरचे सगळे खारवलेले मासे आणि कांद्याची पात घेऊन नदीकाठी गेले. गाडीत जागा नव्हती. याच गाडीत मागच्या वर्षी आम्ही सातजण होतो, फिक्रीच्या मांडीवर कलिंगड होतं. मी आणि आईने घरीच मासे खाल्ले. आईच्या घासातले काटे काढून दिले. एकूण बरं गेलं.

मंगळवार, २८ एप्रिल

नवरा मुलगा, वाएल, मोटारसायकलवरून पडला. तलख्याच्या पुलावर. जिवावरचं खांद्यावर निभावलं, गळ्याजवळचं हाड मोडलंय. लग्न पुढे ढकलायचं की हात गळ्यात बांधूनच उरकायचं, यावर वर वाद चाललाय. वहिनीच्या रडण्याचा आवाज भिंतीतून येतो.

मी वर निघाले तर जिन्यातच फिक्री भेटला. एका पायरीवर तो, दोन पायऱ्या खाली मी.

"थोडे दिवस वर येऊ नकोस," तो म्हणाला.

"काय झालं?"

"एतेदालचं डोकं दुखतं."

"मग मी स्वयंपाकाचं बघते ना."

"नको म्हटलं ना." मग आवाज उतरवून म्हणाला, "आईकडे लक्ष दे तू." त्याने लहानपणी ठेवायचा तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दमलाय बिचारा.

शुक्रवार, १ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी आई म्हणाली, "पोरीला दृष्ट लागलीय. आधी काचा, मग हाड. तिसरं व्हायच्या आत कागदाची बाहुली कर. दुपारच्या नमाजाच्या वेळी करू, तेव्हा लागू पडते." मी वहीचा कागद कापून बाहुली केली, हात पसरलेली. आईला दिसत नाही म्हणून सुई माझ्या हातात, आणि नावं तिच्या तोंडी. अंगार पेटवला, धूप आणि तुरटीचा खडा तयार ठेवला.

बाहेर मशिदीतून आवाज सुरू झाला तशी आई बोलायला लागली. "समोरच्या उम्म जलालच्या डोळ्यातून, जिने तुला पाहिलं आणि नबीचं नाव घेतलं नाही." मी टोचलं. "तिच्या तिन्ही सुनांच्या डोळ्यांतून." टोचलं. वाण्याची बायको. रिहामची आधीची सोयरीक मोडली त्या मुलाची आई. खाटकाच्या दुकानातली ती गोरी. वाएलची चुलती. मी टोचत होते. मध्येच मी कवसरचं नाव सुचवलं, कारण तिने पोशाख पाहिला होता. आई म्हणाली, "कवसरचं मन साफ आहे."

मग ती थांबली.

"झालं?" मी विचारलं.

"एक राहिलंय. सुई माझ्याकडे दे. तू चहाचं बघ."

"तुला दिसत नाही. बोटाला लागेल."

"लागू दे."

मी स्वयंपाकघरात गेले. आमचं स्वयंपाकघर केवढंसं ते, दारही नाही. आधण ठेवलं. या कामात माणसाचं नाव त्याच्या आईच्या नावाने घ्यावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. आई हळू बोलली, पण मी ऐकलं. "नईमाची मुलगी इन्शिराह, तिच्या डोळ्यातून."

नईमा म्हणजे ती स्वतः.

चहा घेऊन आले तर बाहुली जळत होती आणि आईच्या बोटातून रक्त येत होतं. मी बोट धुऊन पट्टी बांधली. तुरटी वितळली की ज्याची दृष्ट लागली त्याचा आकार धरते म्हणतात. आईने विचारलं, "कशासारखी दिसते?"

"उंटासारखी."

"उंट?" तिने माझ्याकडे तोंड केलं. डोळे पांढरे, ओले. "साखर घातलीस?"

"घातली."

आम्ही चहा प्यायलो.

शनिवार, २ मे

झोप नाही. पहिल्यांदा राग आला. आईचा, वहिनीचा, सगळ्यांचा. धूप कशाचा होता, मीठ कशाचं होतं, भात मांजरांना कुणी घातला, सगळं एकदम ध्यानात आलं. चांगलीच बनले मी. म्हणे भिंतींना ओल!

पण रात्रभर एकच गोष्ट समोर येत राहिली. पेले चमकतायत म्हणाले तेव्हा मी माशाल्लाह म्हटलं होतं का? आठवत नाही. आणि त्या दुपारी आरशासमोर? तेव्हा तर नक्कीच नाही. मी रिहामचा पोशाख घालून तिचं लग्न माझं आहे असं मनात आणलं. हेवा याहून वेगळा काय असतो? पंधरा-सोळा दिवसांत तिचा नवरा पुलावर पडला. आई मला चव्वेचाळीस वर्षं ओळखते. ती माझं नाव उगाच घेणार नाही. स्वतःच्या नावासकट तर नाहीच.

सोमवार, ४ मे

लग्न ठरल्या दिवशीच होणार. नवरदेव गळ्यात हात बांधून.

दृष्ट उतरावी म्हणून पोशाखावर तिळाच्या तेलाचा हात लावलेली सुरी ठेवून, कुराणातल्या आयता पढून, तो उशीच्या अभ्र्यात बांधला आणि कवसरकडे दिला. तिने वर द्यावा. म्हणावं, शेवटचे टाके कवसरने घातलेत. मी मेंदीला जाणार नाही हे तिला सांगितलं आणि का ते पण सांगितलं.

ती गिऱ्हाईकाचे केस अर्धवट सोडून मला मागच्या खोलीत घेऊन आली. "डोकं फिरलंय तुझं. तुझ्या डोळ्यांत एवढी ताकद असती तर तुमच्या केंद्रातला तो साहेब वीस वर्षांपूर्वीच गेला असता."

"त्याचा मला कधी हेवा वाटला नाही."

"पोरगी पूलभर खड्डे असलेल्या गावात मोटारसायकलवाल्याशी लग्न करतेय, आणि पडला तर तू जबाबदार?"

"काचा?"

"हमाल आंधळा होता."

"माझ्या आईने नाव घेतलं, कवसर."

अभ्रा उघडून तिने झालर हातावर घेतली, बराच वेळ तशीच धरली. "हरामखोर, काय काम केलंयस," म्हणाली, आणि नाक पुसत बाहेर गेली. माझ्या कामाचं झालं तेवढं कौतुक हेच.

बुधवार, ६ मे

मेंदीची रात्र. वर दुपारपासून ढोलक्या. आईला फिक्रीने उचलून नेलं. मी ताप आहे म्हणून सांगितलं. कुणी कपाळाला हात लावून बघितला नाही. वहिनीने जिन्यातूनच "आराम करा वन्सं" म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मऊ होता.

मी ठरवलं होतं, कान बंद करून बसायचं. पण पाय ऐकत नव्हते. खुर्चीखाली टाचा ताल धरत होत्या.

मगरिबच्या नमाजानंतर दारावर थाप पडली. थापेआधीच झालरीचा आवाज ओळखला. तिने घातला होता. मी डोळे घट्ट मिटले आणि चाचपडत कडी काढली.

"आत्या, मागचा हूक निसटलाय. आईला कळतच नाहीये कुठे अडकवायचा. झोपली होतीस?"

"डोकं दुखतंय. तिकडे तोंड करून उभी राहा."

ती वळल्याचं ऐकलं. मग मी कोपऱ्याकडे तोंड करून सुईत दोरा ओवला, डोळे परत मिटले आणि बोटांनी तिची पाठ शोधली. घामेजली होती, गरम. पट्टा बरोबर बसला होता, कुठे चुणी नाही. हूक निसटला नव्हता, त्याचा टाका उसवला होता. माझाच टाका. चार वेळा दोरा फिरवून गाठ मारली, दाताने तोडला. माझ्या श्वासाने तिला गुदगुल्या झाल्या. ती हसली. दोन वर्षांची असताना अशीच हसायची.

"चल ना वर," ती म्हणाली. "सगळ्या विचारतायत, कुणी शिवला, कुणी शिवला. आईला मी बघून घेते. तिच्या त्या धूप-मिठावर माझा काडीचा विश्वास नाही. तू माझ्यासमोर नाचणार होतीस."

"बरं नाही मला."

"बरं, नको येऊस. निदान बघ तरी." तिने गिरकी घेतली. सगळ्या सरी एकदम उठल्या आणि एकदम खाली आल्या. एकही अडकली नाही. "कशी दिसते?"

"छान."

"डोळे मिटून? आत्या, उघड ना. एकदा."

मी पापण्या आणखी आवळल्या. ती वाट बघत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"आई म्हणत होती," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "दोन महिने मी भांडतेय तिच्याशी तुझ्यासाठी. म्हणत होते, माझी आत्या तशी नाही. खरंच तुला माझं सुख सहन होत नाही?"

खरं सांगितलं असतं तर ती थांबली असती, हात धरून बसली असती, आणि मी डोळे उघडले असते. मी उरलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. ती गेली. झालरीचा आवाज जिन्याच्या वळणापर्यंत आला, मग ढोलक्यांत गेला. तेव्हा डोळे उघडून दार लावलं.

आई अजून वरच आहे. हूक पक्का बसलाय, तो आता सुटणार नाही. घेराची लांबी मी माझ्या उंचीवर धरली होती आणि रिहाम माझ्याहून जराशी बुटकी आहे. मागून जमिनीला लागतो का, ते बघायचं राहून गेलं.